बेताचा अजगर

मध्यंतरी मावळातील परंदवडी येथे बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. पौषातील दिवस होते. भात काढून झालेली खाचरे मोकळी पडली होती आणि सकाळच्या धुक्यात द्रुतगती मार्गावरची वाहने नुसती ऐकू येत होती. माझ्या भाच्याच्या खोलीत काचेची एक लांबट पेटी आहे. त्या पेटीत, नारळाच्या सालीच्या डबक्याखाली, तपकिरी आणि सोनेरी नक्षीचे एक वेटोळे पडून होते. हा बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील एक बुटका अजगर. मादी आहे. शास्त्रीय नावातील 'रेजिअस' या शब्दाचा अर्थ 'राजेशाही', म्हणून भाच्याने तिचे नाव 'राणी' ठेवले आहे. राणीने सात आठवड्यांपासून अन्नाला तोंड लावले नव्हते.

घरातले वातावरण त्यामुळे गंभीर होते. बहिणीच्या सासूबाई जेवताना मला म्हणाल्या, "पाव्हणं, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा ह्याला. मुकं लांबडं उपाशी मारतोय. खाचरात उंदरांना काय तोटा हाय?" भाचा काही बोलला नाही. रात्री मात्र लांब चिमट्यात कोमट केलेला उंदीर धरून तो पेटीपुढे अर्धा तास बसला आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मामा, जबरदस्तीनं भरवू का?"

मी आयुष्यभर मराठी शिकवली. सापांविषयी मला विशेष काही कळत नाही, निदान तेव्हा कळत नव्हते. परंतु त्या चार दिवसांत आणि नंतरच्या वाचनात माझे एक मत बनले, ते येथे मांडावेसे वाटते. पाळलेल्या जनावराला किती खायला घालावे आणि त्याचे अंग कसे असावे, हा प्रश्न वरवर पाहता पशुवैद्याचा आहे. माझ्या मते तो निम्मा भाषेचा आहे. आपण ज्या शब्दांनी शरीराकडे पाहतो त्या शब्दांनीच आपला हात सैल किंवा आखडता होतो.

मराठीत भरलेल्या अंगाचे कौतुक करणारे शब्द भरपूर आहेत. मूल बाळसे धरते, गुटगुटीत होते. लग्नानंतर अंगावर तेज येते, माणूस खात्यापित्या घरचा दिसतो. खाल्लेले अंगी लागते. उलट बाजूला किडकिडीत, हडकुळा, रोडावलेला, वाळलेला, काडी झालेला असे शब्द आहेत आणि त्या प्रत्येकात दया किंवा उपहास आहे. ज्या समाजाने १८७६-७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ पाहिला त्याच्या भाषेत असे असणे स्वाभाविक आहे. भुकेच्या आठवणीतून ही शब्दसंपत्ती घडली आहे आणि तिचा उपहास करण्याचा मला अधिकार नाही. प्रश्न एवढाच की या दोन टोकांच्या मध्ये योग्य अंगाला आपल्याकडे प्रेमाचा शब्द कोणता? पुष्कळ शोधल्यावर 'बेताचा' हा एक शब्द सापडतो. पण त्याची स्थिती पाहा. 'बेताची परिस्थिती' म्हणजे गरिबी, 'बेताची बुद्धी' म्हणजे मंदपणा. जे मापात आहे ते कमीच आहे, असा निकाल भाषेने देऊन टाकला आहे.

भाच्याने राणीला घरी आणले तेव्हा ती हातभर लांब होती. दर आठवड्याला एक उंदीर, असा क्रम सुरू झाला आणि तो वयाप्रमाणे बदललाच नाही. ती वाढत होती, मित्र छायाचित्रे पाहून 'काय भरली आहे' म्हणत होते, आणि घरी आजी म्हणत होती, "आता जरा अंगी लागलंय." दोन वर्षांनी पुण्यातील एका पशुवैद्याने तिला हातात घेतले आणि पहिल्याच वाक्यात सांगितले, की ही लठ्ठ आहे. भाच्याला ते अपमानास्पद वाटले. ज्याला तो माया समजत होता त्याला वैद्यकात दुसरे नाव होते.

आपल्या वाङ्मयात अजगराला जो लौकिक मिळाला आहे तोही या बाबतीत मदत करत नाही. शब्दच पाहा. अज म्हणजे बोकड, त्याला गिळणारा तो अजगर. भाषेने या प्राण्याला त्याच्या तोंडावरून ओळखले. वनपर्वातला नहुष अगस्त्यांच्या शापाने अजगर होतो आणि भीमाला वेटोळ्यात धरतो. इंद्रपदाने माजलेल्या राजाला शिक्षा म्हणून नेमके हेच शरीर मिळाले, यात हाव आणि अजगर यांची जोडी पक्की झाली. दुसरीकडे भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत अजगर आहे. न मागता जे येईल ते, थोडे असो वा फार, गोड असो वा बेचव, तो घेतो आणि काही न आले तर पुष्कळ दिवस शांत पडून राहतो. नाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतामुळे हा विरक्त अजगर मराठी घराघरांत पोचला.

म्हणजे आपल्याकडे दोन अजगर आहेत, एक अधाशी आणि एक योगी. व्यवहारातल्या बोलण्यात पहिलाच उरला. जेवून सुस्त पडलेल्या माणसाला आपण अजगर म्हणतो. गंमत अशी की अवधूताचे निरीक्षण प्राणिशास्त्राच्या अधिक जवळ आहे. बॉल पायथन हा दबा धरून बसणारा शिकारी आहे. भक्ष्याच्या मागे धावण्यात तो शक्ती घालवत नाही आणि शरीराचे तापमान राखण्यासाठी आपल्यासारखा सतत अन्न जाळत नाही. त्याच्या भाऊबंदांपैकी ब्रह्मदेशी अजगरावर सविस्तर संशोधन झाले आहे. उपवासाच्या काळात त्याचे आतडे आक्रसते आणि भक्ष्य पोटात गेल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा वाढते. भूक आणि तृप्ती यांच्यातील दीर्घ अंतर हा या शरीराचा दोष नव्हे, ती त्याची रचना आहे. बॉल पायथन, विशेषतः प्रौढ आणि थंडीच्या किंवा विणीच्या काळात, कित्येक आठवडे, क्वचित काही महिने, अन्न नाकारतो. पाळणाऱ्यांची झोप उडवणारी ही त्याची सर्वांत प्रसिद्ध सवय आहे.

परंतु योगी अजगरावरही विसंबून चालणार नाही, कारण तोसुद्धा आपल्याच कल्पनेचा आहे. 'त्याला काही लागत नाही' असे म्हणून पेटी विसरून जाणाराही जनावर मारतोच. वासनेचे प्रतीक आणि वैराग्याचे प्रतीक या दोहोंच्या पलीकडे जे खरे वेटोळे पडले आहे ते वाचायचे कसे, हा प्रश्न आहे. त्याला पद्धत आहे, आणि ती कोणालाही शिकता येते.

पहिले साधन तराजू. स्वयंपाकघरात असतो तसा ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. त्यावर रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा, जनावर डब्यात ठेवायचे आणि तारीख घालून वहीत आकडा लिहायचा. भरवण्याच्या आधी आणि शक्यतो विष्ठा पडून गेल्यावर वजन घ्यावे, नाहीतर पोटातल्या उंदराचेच वजन लिहिले जाते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू साधारण ५० ते ७० ग्रॅमचे असते. प्रौढ नर बहुधा दीड किलोच्या आतबाहेर, मादी त्याहून जड. भरवण्याचे मापही या आकड्याशी बांधलेले आहे. वाढत्या पिल्लाला आठवड्याला त्याच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के, पुढे अंतर आणि प्रमाण दोन्ही बदलत नेत प्रौढाला तीन-चार आठवड्यांतून एकदा सुमारे पाच टक्के, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण हिशेब आहे. भक्ष्य जनावराच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नसावे.

पण आकडा एकटा फसवतो. दीड किलोची एक मादी सडपातळ असेल, तेवढ्याच वजनाची आखूड मादी लठ्ठ असेल. म्हणून दुसरे साधन डोळा आणि बोट. निरोगी बॉल पायथनचे अंग मध्यावर आडवे कापल्याची कल्पना केली तर ते कडा गोल केलेल्या त्रिकोणासारखे दिसते. पाठीचा कणा हलक्या हाताला जाणवतो, पण धारेसारखा वर येत नाही. धार दिसू लागली आणि दोन्ही कुशी आत गेल्या तर जनावर उपासमारीत आहे. उलट अंग नळकांड्यासारखे गोल झाले, कण्याच्या जागी खोबण पडली, साधे बसलेले असतानाही खवल्यांमधली कातडी ताणलेली दिसू लागली, वळताना कुशीवर वळ्या पडल्या, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना मऊ फुगवटे आले, तर ते लठ्ठ आहे. सापाची चरबी माणसासारखी मुख्यतः कातडीखाली साचत नाही, ती पोटाच्या पोकळीत साठते. बाहेर दिसू लागते तेव्हा आत पुष्कळ झालेली असते आणि यकृतावर तिचा भार पडतो.

आमच्या राणीची वही मी मागून घेतली. उपवास सुरू झाला तेव्हा १,९२० ग्रॅम, सात आठवड्यांनी १,८६५ ग्रॅम. घट तीन टक्क्यांच्या आत. डोळे स्वच्छ, श्वासाचा आवाज नाही, तोंडात फेस नाही, कातडी पाण्याअभावी सुरकुतलेली नाही. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले किंवा यांपैकी एखादे लक्षण दिसले तर वैद्याकडे न्यायला हवे होते. येथे तसे काही नव्हते. पूर्वी जे जास्त झाले होते त्यावर ती आरामात दिवस काढत होती. पेटी मात्र नीट पाहिली. मावळातील जानेवारीच्या रात्री गार असतात आणि वीज दोन वेळा गेली होती. उबेच्या बाजूला ३१-३२ अंश सेल्सिअस तापमान नसेल तर गिळलेले भक्ष्य पचत नाही, पोटात कुजते आणि बाहेर टाकले जाते. अशा जनावराला जबरदस्तीने भरवणे म्हणजे प्रेमाने केलेली इजा. भाच्याला मी तेवढेच सांगू शकलो, की आज भरवू नकोस, ऊब नीट कर.

राहिला सासूबाईंचा खाचरातला उंदीर. त्यांची सूचना मायेची होती आणि एका अर्थी शहाणपणाचीही. भाताच्या खाचरातील उंदरांवर धामण जगते आणि म्हणून धामण मारू नये, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. परंतु रानातल्या उंदरात परोपजीवी जंतू असतात, त्याने शेतात टाकलेले झिंक फॉस्फाइडसारखे विष खाल्लेले असू शकते, आणि जिवंत उंदीर पेटीत सोडला तर न खाणाऱ्या सापाला तोच कुरतडतो. म्हणून पैदाशीतला, गोठवलेला, वितळवून कोमट केलेला उंदीर. हे सारे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग निदान दूध तरी?"

या दुधापाशी येऊन आपल्या परंपरेचा हिशेब करावाच लागतो. साप दूध पिण्यासाठी घडलेला नाही. नागपंचमीला जो नाग वाटीत तोंड घालतो तो पुष्कळदा गारुड्याने दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो. तहानेने तो समोरचे पातळ पितो, ते त्याला पचत नाही आणि श्वासमार्गात गेले तर जिवावर बेतते. आपण हात जोडून ज्याला तृप्ती समजतो ती तहान असते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवर मुंबई उच्च न्यायालयाला निर्बंध घालावे लागले ते जिवंत नागांच्या या हालांमुळेच. कात्रजच्या सर्पोद्यानाने १९८६ पासून आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेने त्याच्याही आधीपासून सापांविषयीचे हे अज्ञान दूर करण्यासाठी कष्ट घेतले आहेत, तरी वाटी अजून पुढे येतेच.

पण त्याच सणाचा दुसरा भाग आपण विसरतो. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडे उकडून खायची. म्हणजे त्या दिवशी नागासाठी करायच्या गोष्टींत बहुसंख्य गोष्टी न करण्याच्या आहेत. बिळाला धक्का लागू नये म्हणून माणसाने एक दिवस आपला हात आवरायचा, हे त्या सणातले खरे ज्ञान होते. देणे दिसते, ते छायाचित्रात येते. आवरणे दिसत नाही. म्हणून दूध टिकले आणि आवर सुटला. आफ्रिकेतील बेनिन देशात विदा या गावी अजगरांचे मंदिर आहे आणि तेथील अजगर म्हणजे हेच बॉल पायथन. तेथे त्यांना वेळोवेळी रात्री मोकळे सोडतात. ते वस्तीत जाऊन आपले आपण खातात आणि परततात किंवा परत आणले जातात. पूज्य मानलेल्या जनावराची भूक त्याच्याकडेच राहू देण्याची ही रीत मला विचार करण्यासारखी वाटते.

येथे एक रास्त आक्षेप येईल. ज्या प्राण्याचे घर घानाच्या गवताळ रानात आहे त्याला परंदवडीच्या पेटीत ठेवणेच मुळात चूक, मग त्याच्या वजनाची चर्चा कशाला? हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. भारतीय अजगर पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहेच. परदेशी अजगरही आता मोकळा राहिलेला नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर तो कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आला आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. राणीची ती नोंद झालेली आहे. पण या व्यापाराचे खरे रूप वेगळे आहे. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन सापडले. तो पुडा फोडणारे हात आणि तो विकत घ्यायला आतुर असलेले हात यांच्यामध्ये फार अंतर नसते. नवीन जनावर कोणी आणू नये, असेच मी म्हणेन.

तरीही जी आली आहेत ती आहेत. ती येथील रानात सोडता येत नाहीत, तसे करणे त्यांच्यावर आणि रानावर दोघांवरही अन्याय होईल. आणि त्यांचे आयुष्य मोठे असते. वीस-तीस वर्षे सहज. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातील एका बॉल पायथन मादीने २०२० साली, किमान बासष्ट वर्षांची असताना अंडी घातली. माझी सगळी नोकरी त्या वयात दोनदा बसेल. एवढा काळ एखाद्या जिवाचे पोट आपल्या हाती असेल तर त्याचे अंग वाचायला शिकणे हे किमान कर्तव्य ठरते. पेटीतल्या जनावराला स्वतः शिकार शोधता येत नाही, आणि जास्त आलेले नाकारण्याखेरीज त्याच्या हाती काही नसते. राणी सात आठवडे तेच करत होती. तिचा तो नकार घरातल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकला. भाच्याला तो अपयश वाटला, आजीला उपासमार वाटली, मला आधी प्रतीक वाटला. वहीतल्या आकड्यांनी तो प्रथमच तिचा म्हणून ऐकू आला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला तराजू रूक्ष वाटतो. आपल्या लेखी तो वाण्याच्या दुकानात शोभतो, आणि माया मोजायची नसते असे आपण शिकलो. मला आता तसे वाटत नाही. जिथे समोरचा बोलू शकत नाही तिथे मोजणे हे ऐकण्याचेच एक रूप आहे. न मोजता भरवणारा स्वतःच्या मायेचे समाधान करत असतो.

'बेताचा' या शब्दाकडे परत येतो. त्याच्या मुळाशी असलेल्या 'बेत' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो आपण रोज वापरतो. 'आज जेवायला काय बेत?' असे विचारताना आपण योजनेविषयी बोलत असतो. काय, किती, कोणासाठी, केव्हा, हे आधी ठरवलेले म्हणजे बेत. त्या अर्थाने बेताचे खाणे म्हणजे कमी खाणे नव्हे, विचार करून घातलेले खाणे. हा अर्थ शब्दात अजून जिवंत आहे. तो पुन्हा वापरात आणला तर मुलांच्या ताटापासून कुत्र्याच्या वाडग्यापर्यंत पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल.

निघण्याच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पुन्हा विषय काढला. त्या दिवशी एकादशी होती आणि त्यांचा उपवास होता. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही आज जेवणार नाही, तुम्हाला कोणी आग्रह करतं का? तिचाही उपास आहे असं समजा." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग सोडंल तवा सांग म्हणावं."

फाल्गुनाच्या अखेरीस भाच्याचा दूरध्वनी आला. राणीने उपवास सोडला होता. "केवढा उंदीर दिलास?" मी विचारले.

"बेताचा," तो म्हणाला. "आजीनं वजन करायला लावलं."